उसको चक्कर है

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवापुढे दिवा लावतानासुद्धा हा विषय मी टाळते. घाईघाईने मुलाचं, गुडघ्याचं काहीबाही बोलून घेते आणि उठते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. उद्या भाजीबाजारात गाठ पडली तरी ही तीच बाई, हे तुम्हाला कळणार नाही. आणि कळलंच, तर — कळू दे.

शाखेत माझं नाव चांगलं होतं. कुणाच्या घरी आजारपण निघालं की पहिला डबा माझ्याकडून जायचा. नवीन मुलगी नोकरीला लागली की तिला माझ्याच शेजारच्या टेबलाशी बसवायचे. ताई सगळं शिकवतील, असं म्हणायचे. आणि मी शिकवायचे हो, मनापासून शिकवायचे. सुरेखालाही मीच शिकवलं.

थांबा, सुरेखाच्या आधी त्या बिल्डिंगचं सांगते. ती बिल्डिंग नसती तर हे काही झालंच नसतं — बघा, लागले ना लगेच दोष द्यायला! बिल्डिंगचा काय दोष?

आमच्या बँकेचं हेड ऑफिस मुंबईला, समुद्राच्या अगदी जवळ, एका उंचच उंच इमारतीत होतं. नव्वदच्या आसपासची गोष्ट सांगते आहे. नाशिकला तेव्हा चार-पाच मजल्यांच्या वर कुणी बांधलं की लोक सायकल थांबवून बघायचे. बँकेच्या कॅलेंडरवर दर वर्षी त्याच इमारतीचा फोटो असायचा, जमिनीवर जवळजवळ आडवं पडून काढल्यासारखा, की तिचा माथा कागदाबाहेर निघून जायचा. आमच्या शाखेत हेड ऑफिस असं फारसं कुणी म्हणत नसे. नुसतं ‘वर’ म्हणायचे. वरून फोन होता, वर कळवून टाका, वर विचारल्याशिवाय काही करू नका. कुणाची तिकडे बदली झाली की वात्रट लोक म्हणायचे, ‘गेले बिचारे वर!’ आणि सगळे खोखो हसायचे. मीही हसायचे, पण माझं हसणं वरवरचं असायचं. मला वर जायचं होतं.

नोकरीच्या मुलाखतीला मी तिथे गेले होते. वडील बरोबर आले होते, त्यांना दरवानाने खालीच बसवलं. लिफ्टमध्ये स्टुलावर बसलेला माणूस होता, त्याने माझ्याकडे न बघताच मजला विचारला. वर गेल्यावर एका लांबलचक काचेतून समुद्र दिसला. समुद्र मी आधी पाहिला होता, पण चौपाटीवरून, भेळ खात. असा वरून कधी पाहिला नव्हता. त्या काचेकडे पाठ करून एक बाई टाइप करत होती. एवढा समुद्र मागे असताना तिला मागे वळून बघायचीसुद्धा गरज वाटत नव्हती! त्या बाईचा मला आयुष्यातला पहिला खराखुरा हेवा वाटला. मनात म्हटलं, ही खुर्ची माझी.

मिळाली नाशिकची शाखा. तळमजला. वर दातांचा दवाखाना, शेजारी रसवंती. खिडकीतून दिसायच्या रिक्षा.

मग लग्न झालं, मुलगा झाला. नवरा ओझरच्या विमानाच्या कारखान्यात, पाळीची नोकरी. सासूबाईंना मोतीबिंदू. वर जायचं माझ्या मनातून गेलं, असं मला वाटत होतं. आणि तेव्हा सुरेखा आली.

सुरेखा घोटीची. वडिलांचा भाताचा व्यापार, स्वतःची गिरणी. मुलगी काळीसावळी, दात थोडे पुढे, केसांना खोबरेल तेल चोपडलेलं. पहिल्या दिवशी मला म्हणाली, ‘ताई, मला लय भ्या वाटतंय. कुनी रागावलं तर?’ मी म्हटलं, रागावणाऱ्यांचं काम आधी करायचं, म्हणजे ते लवकर जातात. ती इतकी हसली की मॅनेजरसाहेबांनी केबिनमधून डोकं बाहेर काढलं. पेन्शनवाल्या आजोबांना कसं गप्प करायचं, ‘खातं बंद करणे’ला इंग्रजीत काय लिहायचं, वरून आलेल्या माणसाला चहाबरोबर बिस्किटं कोणती द्यायची, सगळं मी तिला शिकवलं. सहा महिन्यांत ती ‘लय’ म्हणायची थांबली. आनंद झाला की मात्र घोटी तोंडातून बाहेर पडायचीच.

मग शाखेत कॉम्प्युटर आला. तरुण मंडळी हसतील, पण त्या कॉम्प्युटरसाठी काचेची खोली बांधली होती, तिला एसी होता, आणि आम्ही बाहेर चपला काढून आत जायचो. नारळ फोडला होता. युनियनची माणसं आठवडाभर तोंड फुगवून बसली. मला त्या यंत्राची धास्ती वाटायची. चुकीचं बटण दाबलं आणि कुणाची आयुष्याची पुंजी उडाली तर? सुरेखाला असली काही भीती नव्हती. ती आत गेली आणि बाहेर यायचंच नाव घेईना. दोन-तीन महिन्यांत अशी वेळ आली की मशीन अडलं की साहेब हाक मारायचे, ‘सुरेखाऽऽ’. पूर्वी ते काहीही अडलं की मला हाक मारायचे.

मत्सर हा शब्द जरा पुस्तकी वाटतो. जळणं म्हणतात, पण मला कुठे आग वगैरे जाणवली नाही. माझं ते नव्या चपलेसारखं होतं. बसलं की काही नाही, चाललं की प्रत्येक पावलाला चावायचं. तिच्या कौतुकात मी सगळ्यांत पुढे असायचे, आणि घरी गेले की भांडी आपटायचे.

त्यातच वरून पत्रक आलं. हेड ऑफिसमध्ये कॉम्प्युटरचं नवीन खातं सुरू होणार, शाखाशाखांतून तरुण क्लार्क हवेत, ज्यांना इच्छा असेल त्यांनी परीक्षेला यावं. सुरेखाने अर्ज केला. आणि मीही केला.

आता तुम्ही विचाराल, मला जाता येणार होतं का? कसलं जाता येतंय! मुलगा दुसरीत, सासूबाई अशा, नवरा रात्रपाळीला. माझी निवड झाली असती तरी मला नाहीच म्हणावं लागलं असतं. पण मला ते ‘नाही’ म्हणायला मिळायला हवं होतं. कळतंय ना? मला वरून बोलावणं आलं होतं, मीच गेले नाही, हे वाक्य मला उरलेला जन्मभर हळदीकुंकवाला म्हणायचं होतं. एवढंच हवं होतं मला. एवढंसुद्धा मिळालं नाही.

परीक्षेला आम्ही दोघी बरोबर गेलो, सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने. सुरेखाची संकष्टी होती. पहाटेपासून पोटात पाण्याशिवाय काही नाही, गाडीत उभ्याने प्रवास, आणि वर ती लिफ्ट. एका दमात वर गेली तशी सुरेखाने माझा दंड धरला. बाहेर आल्यावर म्हणाली, ‘ताई, सगळं गरगर फिरतंय.’ मी तिला जिन्याच्या पायरीवर बसवलं, पर्समधली लिमलेटची गोळी दिली. पाच मिनिटांत ती टुणटुणीत झाली. खिडकीशी गेली आणि समुद्र बघून टाळ्या पिटल्या तिने. ‘अग्गं बाई, केवढा हाय हा!’ तिथल्या बायका वळून बघायला लागल्या. मला लाज वाटली. आणि हेही वाटलं, की ही बावळट मुलगी समुद्र बघून टाळ्या पिटते, आणि मी एवढी वर्षं आतल्या आत त्याला जपून ठेवलंय.

निकाल आला. सुरेखा पास. माझं नाव यादीत नव्हतं, आणि नसल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण मी अर्ज केलाय हे बहुतेकांना मी सांगितलंच नव्हतं. पेढे वाटले गेले. घोटीहून तिचे वडील आले, डोक्यावर टोपी, हातात नव्या तांदळाची पिशवी. मला वाकून नमस्कार करायला लागले! म्हणाले, ‘बाई, तुमच्यामुळंच झालं हे. पोरीला तुमीच घडिवलं. आता वर जाईल पोरगी.’ मी म्हटलं, ‘अण्णा, असं काय करताय, लेकीसारखी आहे ती मला.’ तो तांदूळ घरी शिजवला. वाटलं होतं, घास घशाखाली उतरणार नाही. उतरला की. दोनदा वाढून घेतला.

अजून ऑर्डर यायची होती. तेवढ्या दिवसांत सुरेखाने मला अगदी नको करून सोडलं. ताई, तिथं वर वारा लय असेल का? ताई, जेवायला खाली यावं लागतं का? ताई, एसीत गार वाजतं म्हणतात, तुमचा तो निळा स्वेटर द्याल? दिला मी स्वेटर. घडी घालून, वर डांबरगोळीचा वास जाईपर्यंत उन्हात वाळवून दिला. आणि त्या दिवशी मुलाचा पाढा चुकला म्हणून मी त्याच्या फाडकन थोबाडीत मारली.

आता फोन.

मॅनेजरसाहेब मीटिंगला गेले होते. केबिनमधला फोन वाजला, शिपाई म्हणाला, ताई, वरून आहे, कुणीतरी सीनियर लेडी बोलवा म्हणतायत. मी उठले, पदर सारखा केला, बघा, फोनवर बोलायला पदर सारखा केला. पलीकडे स्टाफ खात्यातला कुणी साहेब, हिंदी बोलणारा. आवाज मोठा सभ्य. म्हणाला, आपके यहां की लडकी आ रही है, लेडीज स्टाफ के रहने का इंतजाम हमको करना पडता है, बाहरगांव की लडकी है, जिम्मेदारी हमारी होती है. आप लेडी हैं इसलिए आपसे पूछ रहा हूं. कोई प्रॉब्लेम तो नहीं?

काय म्हणायला हवं होतं? काही नाही, साहेब, गुणी मुलगी आहे. दोन सेकंदांचं काम होतं.

केबिनच्या काचेतून मला ती दिसत होती. कॉम्प्युटरच्या खोलीत, माझा निळा स्वेटर घालून. सवय व्हावी म्हणून आत्तापासूनच घालून बसायची. आणि मला आठवली ती लिमलेटची गोळी.

खोटं काही बोलायचं नाही, असं मी ठरवलं. नुसतं खरं सांगायचं, पण जरा अशा तऱ्हेने, की त्या माणसाच्या मनात शंका यावी. तब्येतीची शंका. एवढ्या उंच इमारतीत रोज वरखाली करायचं, आणि मुलीला गरगरतं, म्हणजे उद्या कुठे पडली-बिडली तर? उपास होता हे मात्र सांगायचं नाही. एवढंच ठरवलं होतं. आता माझं हिंदी कसं, तर आपलं नाशिकचं. मराठीच, फक्त शेवटी ‘है’ लावलेलं. तिला चक्कर येते, असं मला म्हणायचं होतं. मी म्हटलं, ‘लडकी अच्छी है साब. लेकिन उसको चक्कर है.’

पलीकडून आलं, ‘चक्कर है? ब्रांच में?’

मला वाटलं, तो विचारतोय की शाखेत काम करतानाही गरगरतं का. मी म्हटलं, ‘हां साब, ब्रांच में भी. एक बार तो उधर हेड ऑफिस में भी हुआ था. परीक्षा के दिन.’

‘यहां भी?’ तो जवळजवळ ओरडलाच. ‘किसके साथ?’

मी ‘मेरे साथ’ म्हणणार होते. खरंच, ‘मे’ ओठांवर आला होता. तिथे मीच होते ना तिच्याबरोबर, दंड माझाच धरला होता तिने. आणि त्याच क्षणी लख्ख समजलं, की हा माणूस कुठल्या चक्करबद्दल बोलतोय.

इथे जरा थांबते हं.

कारण इथपर्यंत मी फक्त एक कोत्या मनाची बाई होते. इथपर्यंतचं सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. अहो साहेब, तसं नाही हो, डोकं फिरतं, सिर घूमता है, संकष्टी थी, उपवास था! तोही हसला असता. गोष्ट म्हणून मी ती शाखेत सांगितली असती, सुरेखाला टाळी दिली असती. सगळं माझ्या जिभेच्या टोकावर होतं. काचेपलीकडे सुरेखाने मान वर केली, मला बघितलं आणि हात हलवला. फोन वरून आहे हे तिला कळलं असावं. तिने दोन्ही हात जोडून वर नेले, म्हणजे देवा, एकदाची ऑर्डर येऊ दे. तिची ती खात्री. ती वर जाणारच होती, आणि जाऊन टाळ्या पिटणार होती.

मी म्हटलं, ‘वो मैं कैसे बोलू, साब.’

तो म्हणाला, ‘समझ गया. अच्छा हुआ आपने बता दिया. आपका नाम बीच में नहीं आयेगा.’

आणि नाही आलं. शब्दाचा पक्का निघाला तो माणूस.

बाहेर आले तेव्हा सुरेखा चपला घालून धावत आली. काय म्हणाले, ताई? मी म्हटलं, साहेबांचं काम होतं. मग पाणी प्यायले, माझ्या काउंटरवर बसले, आणि खरं सांगते, त्या दिवशी माझ्या हातून एकही चूक झाली नाही. इतकं हलकं वाटत होतं.

ऑर्डर आली नाही. सुरेखा रोज टपाल उघडायच्या वेळी शिपायाच्या मागे उभी राहायची. मग एक दिवस साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. आमचे साहेब भले होते, दार लावून कधी कुणाशी बोलायचे नाहीत. ती बाहेर आली आणि सरळ कॉम्प्युटरच्या खोलीत गेली, चपला न काढता. कुणी तिला हटकलं नाही. साहेब नंतर मला म्हणाले, ‘बाई, तुम्हाला काही माहीत आहे का हो हिच्याबद्दल? वर कुणीतरी काहीतरी सांगितलंय.’ ही दुसरी वेळ. आताही सांगता आलं असतं. नोकरी थोडीच जाणार होती माझी? मी म्हटलं, मला बाई काहीच कल्पना नाही.

सुरेखाला मी विचारलं नाही. तीही बोलली नाही. चार दिवसांनी तिने निळा स्वेटर धुऊन, इस्त्री करून परत आणून दिला. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, ‘अगं, इंग्रजीमुळे राहिलं असेल. तिथे फाडफाड बोलणारी लागतात.’ ती हो म्हणाली. तेव्हापासून तिने माझ्यासमोर इंग्रजी शब्द उच्चारायचा असला की आधी अडखळायला सुरुवात केली.

बातम्यांना पाय फुटतात. घोटीपर्यंत काय गेलं, किती गेलं, मला ठाऊक नाही. पण पुढच्या लग्नसराईत सुरेखाचं लग्न झालं. मुलगा सायखेड्याचा, द्राक्षाचे मळे, गोदाकाठी मोठं घर. मी गेले होते लग्नाला. अण्णांनी मला पहिल्या पंगतीला बसवलं, पण माझ्याकडे बघितलं नाही. कुणाकडेच बघत नव्हते ते. सुरेखाने त्या बाजूच्या छोट्या शाखेत बदली मागून घेतली आणि गेली. तिची खुर्ची रिकामी झाली. साहेब पुन्हा मला हाका मारायला लागले.

म्हणजे झालं ना माझ्या मनासारखं? झालं. तरी चप्पल चावतच राहिली. तिच्या वाटणीची बिल्डिंग मला थोडीच मिळाली होती. ती तिथेच होती, कॅलेंडरवर.

मधे बरीच वर्षं गेली. कॉम्प्युटर सगळ्यांच्या टेबलांवर आले, चपला काढायचं बंद झालं. मी ऑफिसर झाले. बँकेने मुंबईत दुसरीकडे, खाडीच्या बाजूला, नवीन इमारत बांधली. जुनीपेक्षाही उंच, सगळी काचेची, एखाद्या मोठ्या फ्रिजसारखी. लिफ्टमध्ये स्टूलही नाही आणि माणूसही नाही. तिथे एक दिवसाच्या प्रशिक्षणाला मला बोलावलं, आणि हॉलमध्ये शिरले तर समोर सुरेखा. अंगाने भरलेली, चष्मा लागलेला, केस मागे पांढरे. मला बघून ती उठून आली आणि सगळ्यांदेखत पाया पडली.

दुपारी जेवायला वरच्या मजल्यावर गेलो. खिडकीजवळचं टेबल तिनेच धरलं. खाली रस्ते, खाडी, दूरवर विमानं उतरताना दिसत होती. मी मुलांची चौकशी केली, द्राक्षांची केली. ती बोलत होती, सायखेड्याने तिच्या बोलण्यातली घोटी पुन्हा वर काढली होती. मधेच ती म्हणाली, ‘ताई, तुमाला कधी बोलले नाय. मला तेव्हा वर का घेतलं नाय, माहितीय? साहेब म्हनले, तुझं चक्कर हाय असं कुनीतरी कळवलंय.’

मला वाटलं, आता ही म्हणणार. हिला सगळं कळलंय, हिने मला मुद्दाम खिडकीजवळ आणून बसवलंय.

ती म्हणाली, ‘खरंच होतं, ताई. दत्ता.’

दत्ता कोण, हे मी तुम्हाला सांगितलंच नाही. कारण आमच्या लेखी तो कुणी नव्हताच. आमच्याच शाखेतला क्लार्क, सटाण्याकडचा. तिकडे ‘आहे’ला ‘शे’ म्हणतात, म्हणून पोरं त्याला ‘काय शे?’ म्हणून चिडवायची आणि तो मान खाली घालून हसायचा. डबा एकटा खायचा. सुरेखाच्या लग्नाच्या आधी त्याने कळवणला बदली मागून घेतली होती, पण त्याचा आणि हिचा काही संबंध असेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. दोन वर्षं, म्हणाली ती. जात वेगळी, अण्णांनी जीव दिला असता. म्हणून दोघांनी ठरवलं होतं की ती आधी हेड ऑफिसला जाईल, मग तो मुंबईला बदली मागेल, आणि तिकडेच लग्न करायचं. एवढ्या मोठ्या बिल्डिंगीत कोन कुनाला विचारतंय, असं म्हणाली. तिला समुद्र नको होता. तिला फक्त घोटीपासून लांब असलेला एक पत्ता हवा होता.

तुम्हाला वाटेल, हे ऐकून मला पश्चात्ताप झाला असेल. जमीन दुभंगावी असं काही वाटलं असेल. नाही. अगदी पहिल्यांदा जे वाटलं ते सांगते, कारण तेच तर सांगायला बसले आहे. मला वाटलं, म्हणजे हेही होतं हिच्याकडे! हुशारी होती, बिल्डिंग मिळणार होती, आणि वर हे? माझ्यासाठी कुणी कधी डबा एकटा खाल्ला नव्हता. माझ्या शेजारी बसून, माझ्याकडून सगळं शिकून, एवढी मोठी गोष्ट ही पोरगी पदराआड घेऊन हिंडत होती, आणि मला वासही लागू दिला नाही!

सुरेखा बोलतच होती. ‘आमच्या दोघांशिवाय कुनालाच ठावं नव्हतं, ताई. मंग वर कसं कळलं? यानंच कुठंतरी फुशारकी मारली असनार. मी विचारलं त्याला. रडला, आईची शपथ घेतली. मी म्हनलं, थोबाड दाखवू नको मला परत. अन् नाय दाखवलं त्यानं. त्यानं लगीन पन नाय केलं, म्हनतात.’ तिने चष्मा काढून पदराने पुसला. ‘कधीकधी वाटतं, खरं बोलत आसंल का तो? तुमी तर सगळ्यांना वळखायच्या, ताई. तुमाला काय वाटतं? त्यानंच सांगितलं आसंल का?’

तिने हे उत्सुकतेने विचारलं नव्हतं. तिला ‘नाही’ हवं होतं. तिच्या डोळ्यांत दिसत होतं ते, इतक्या वर्षांनी, दोन मुलांची आई असताना. तो खोटारडा नव्हता, एवढंच तिला कुणाकडून तरी ऐकायचं होतं. माझं नाव न घेतासुद्धा मला ते देता आलं असतं. ‘छे गं, दत्ता तसला नव्हता,’ एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मला कुणी पकडणार नव्हतं, म्हणजे भीतीचाही प्रश्न नव्हता.

मी म्हटलं, ‘त्यानंच गं. दुसरं कोण सांगणार?’

‘मला बी तसंच वाटतं,’ ती म्हणाली, आणि माझं ताट तिच्या ताटावर ठेवून दोन्ही उचलून घेऊन गेली.